उधाणातल्या चिठ्ठ्या

मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या डाव्या खणात सतरा नंबरच्या फॉर्मांचा गठ्ठा असायचा. हा फॉर्म भरला की मूल दहावीला बाहेरून बसतं. शाळेच्या पटावर राहत नाही, शाळेच्या निकालात धरलं जात नाही. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी केलेली ती सोय. आमच्या शाळेत ती उलटी वापरली जायची. नववीतली कच्ची मुलं हेरायची, पालकांना बोलवायचं, 'बाहेरून बसवा, पोराला ताण नको' असं गोड बोलायचं आणि सही घ्यायची. मग निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फलक. तो फलक मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. गाव वटार. आमच्या पट्ट्यातल्या विहिरी उपसून नव्या वसाहतींना टँकर जायचे, त्याविरुद्ध आम्ही काही जणांनी पत्रकं काढली होती. ती लिहायचं काम माझं. एक पान, जाड मथळा, चार परिच्छेद, शेवटी तीन मागण्या. जगातली कुठलीही गोष्ट या मापात बसते असा माझा समज होता. बीएड नुकतंच झालं होतं आणि स्टेशनच्या पश्चिमेला एका मराठी शाळेत, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी, मला एक वर्ष मिळालं. नववी ब, विज्ञान आणि गणित.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "पेशी म्हणजे काय?" पंचेचाळीस मुलांनी एका सुरात व्याख्या म्हटली. तीच व्याख्या तीन दिवसांनी, मधूनच, गणिताच्या तासाला विचारली. कोणालाच आली नाही. सगळ्यांचे हात आपोआप दप्तराकडे गेले, वही काढायला. माझं डोकं तिथेच सटकलं. वह्या काय सुंदर होत्या. मथळ्याला लाल शाई, खाली दोन रेघा. फळ्यावरून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत, आणि वाटेत डोकं लागतच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं. बाकीचे हजेरीसाठी आले होते. मुंबईहून आलेल्या एका डॉक्टरबाईंनी मेंदूवर तास घेतला. त्यांनी सांगितलेलं मी अजून वही न उघडता सांगू शकते. आपण एखादी गोष्ट शिकतो तेव्हा मेंदूतल्या पेशींमधले जोड बदलतात. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते, आणि ओळखीला आपण चुकून ज्ञान समजतो. जोड घट्ट होतात ते आठवायची खटपट केल्याने. तीही लगेच नाही, जरा विसरायला झालं की. आणि दिवसभराचं शिकलेलं पक्कं व्हायचं बरंच काम झोपेत होतं. मेंदूत खोलवर एक वळलेला भाग आहे, नव्या आठवणी आधी त्याच्या हाती येतात. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, नावही त्यावरूनच पडलेलं.

मला आमच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या सिस्टर आठवल्या. पुस्तकातली प्रश्नोत्तरं त्या कधी क्रमाने विचारायच्या नाहीत. मागचा, पुढचा, पावसाळ्यातला, कुठलाही. आम्ही त्यांना शिव्या घालायचो, पण ती उत्तरं आजही झोपेतून उठवलं तरी येतील. म्हणजे हे आम्हाला कधीपासून माहीत होतं. फक्त शाळेत ते करायला बंदी असल्यासारखं होतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी पाच नावांची यादी काढली. पाचही माझ्या वर्गातली. चौघांच्या आईबापांनी सह्याही केल्या होत्या. पाचवी मुलगी पाचूबंदरची. बाप बोटीवर, आई मासळी विकणारी. तिची आई बोलावूनही आली नव्हती.

"ती वर्गात झोपते, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "तिच्या बाजूला कोणी बसत नाही. सहामाहीत गणितात अकरा. तिला दहावी करून काय करायचंय?"

"तुमच्या फलकाला काय करायचंय ते विचारा आधी," मी म्हणाले.

ते चिडले नाहीत. त्यांची ती कला होती. चष्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे. वार्षिकला तुमच्या दोन्ही विषयांत पास करून दाखवा. मग हा फॉर्म मी स्वतः फाडतो."

मी हो म्हटलं. त्या चार नावांवर सह्या झाल्या होत्या, म्हणून त्यांच्यासाठी भांडलेच नाही. एक किल्ला हातात आला की बाकीचा प्रदेश विसरायचा, ही चळवळीतली जुनी खोड.

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या सुरू केल्या. टँकरविरोधी पत्रकांचे उरलेले गठ्ठे आमच्या माळ्यावर पडून होते. त्यांची मागची बाजू कोरी. एका पानाच्या चार चिठ्ठ्या. तास सुरू झाला की वह्या बंद, पाच प्रश्न. दोन कालचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक गेल्या महिन्यातला. पाच मिनिटं. मग बाजूच्याने तपासायचं, चुकलेलं आपण बरोबर करून लिहायचं आणि पुढे. धडा मी तोंडी शिकवायचे, आकृत्या काढायचे, पण उत्तरं उतरवून देणं बंद. मुलं वैतागली. पण चिठ्ठी उलटून मागचं वाचायला त्यांना गंमत वाटे. 'विहिरी आमच्या, पाणी' एवढंच एकीच्या चिठ्ठीमागे, 'बंद झालाच पाहि' दुसरीच्या.

मेंदूचा धडा आला तेव्हा मी तो समुद्रघोडा फळ्यावर काढला. माझी चित्रकला बेताचीच. एव्हरशाईन या नव्या वसाहतीतला एक म्हणाला, "बाई, हे केळं आहे." वर्ग हसला. तेव्हा खिडकीजवळची ती मुलगी, जी चार महिन्यांत माझ्याशी आपणहून बोलली नव्हती, म्हणाली, "शेपटी आत वळते, बाई. बाहेर नाय."

"तुला काय माहीत?"

"जाळ्यात येतो कधी कधी."

मी खडू तिच्या हातात दिला. तिने शेपटी पुसून नीट काढली. त्या दिवशी तिच्या चिठ्ठीवर पाचपैकी चार.

शनिवारी एक पालक नवराबायको आले. गृहस्थ मुंबईत ऑफिसात, अर्धा दिवस रजा काढून आलेले. त्यांनी मुलाची वही माझ्यासमोर उघडली.

"मॅडम, दिवाळीपासून पाच पानं. अ वर्गाची तिसरी वही चालू आहे."

"अ वर्गाला वही बंद करून काही विचारा."

"पण मग तुम्ही शिकवता काय?"

"थोडं विसरू देते. मग आठवायला लावते."

ते बायकोकडे वळले. "ऐकलंस? विसरायला शाळेत पाठवतोय आपण."

बायको म्हणाली, "अहो, पण परवा त्याने मला सगळं न बघता सांगितलं." गृहस्थांनी वही मिटली. त्यांचं समाधान झालं नव्हतं. माझंही नव्हतं, कारण माझ्या घरी भिंतीवर एक तक्ता होता आणि तो मला बसू देत नव्हता.

त्या तक्त्यावर मी सगळ्यांचे रोजचे गुण मांडायचे. बाकीच्यांच्या रेघा हळूहळू वर चढत होत्या. तिची रेघ वेड्यासारखी. चार, पाच, चार, चार, आणि मग एक, शून्य, शून्य, एक. मग पुन्हा चार. विसरण्याचं असं कुठलंच चित्र त्या डॉक्टरबाईंनी दाखवलं नव्हतं. विसरलेलं आपोआप परत कसं येईल? मी शेणखताच्या गाडीपासून विहिरीपर्यंत फेऱ्या मारत विचार करायचे. वडील म्हणायचे, "बस गं एका जागी, केळी घाबरतील."

शेवटी एक दिवस शून्याची चिठ्ठी तिच्यासमोर धरून मी बोलून गेले, "तुला वर यायचंच नाही का? परवा येत होतं, आज काय झालं?"

"उधान होतं, बाई," ती म्हणाली.

मला वाटलं, पाहुणे आले होते, लग्न होतं, त्यातलंच हे कारण. समुद्र आमच्या वाड्यांपासून हाकेवर, पण आम्ही त्याच्याकडे पाठ करून केळी आणि फुलं लावणारी माणसं. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास मोठी भरती येते ते उधाण, मधल्या अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं तो भांग, एवढं पुस्तकी ज्ञान मला होतं. नववीला मी चंद्र आणि भरती शिकवलीही होती. पाचपैकी पाच मिळाले असते मला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले आणि तशीच पाचूबंदरला. नेमका भांग होता. बोटी वर ओढलेल्या, पुरुष जाळी विणत बसलेले, दोऱ्यांवर बोंबील वाळत. तिची आई ओट्यावर करंदी निवडत होती. तिने मला चहा दिला आणि काम चालू ठेवलं.

"रात्री किती झोपते ही?" मी विचारलं.

"आता झोपते की. भांगात पोरगी ओंडक्यासारखी पडते."

"आणि उधाणात?"

"उधानात बोट बारा-एकच्या भरतीला लागते. मग निवडायला बसायचं. तिघींचं काम, मी आनि जाऊ दोघीच हाव. पाचला मी बाजाराला जाते, ही शाळेत."

म्हणजे महिन्यातून दोनदा, चार-पाच रात्री, मुलगी झोपेतून उठत होती, आणि मी तिला शून्य देत होते. नुसतं दमणं नव्हतं ते. दिवसा शिकलेलं पक्कं व्हायची वेळ कापून जात होती. मी आईला हे सगळं सांगितलं, जोड, झोप, समुद्रघोडा. ती ऐकून म्हणाली, "म्हंजे पोरगी झोपली की डोकं कामाला बसतं. आमच्यासारखंच मग. त्याला पन रात्रपाळी." मी म्हटलं, तिला उठवू नका. ती म्हणाली, "बघते." बघते म्हणजे नाही, हे मला वटारात राहूनही कळत होतं.

म्हणून मी माझ्या हातातलं बदललं. तिथीचं कॅलेंडर टेबलावर ठेवलं. नवा धडा भांगात शिकवायचा, उधाणाच्या दिवसांत फक्त जुन्याची उजळणी आणि गणितं. मोठ्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत बाकावर डोकं टेकून अर्धा तास झोपायची. शिपाईमामा कुरकुरले, "बाई, ही शाळा की धर्मशाळा?" एव्हरशाईनच्या मुलांना कधी कळलंही नाही की त्यांचा अभ्यासक्रम चंद्रावर चालला आहे. तिची रेघ खाली जायची, पण शून्याऐवजी दोनवर थांबायला लागली. दोनने पास होत नाही.

इथवर ठीक होतं. इथे मी थांबायला हवं होतं.

जानेवारीत शाळेने पालकसभा बोलावली आणि मुख्याध्यापकांनी शंभर टक्क्यांचं भाषण केलं. मी घरी आले ती रागाने तापलेली, आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा, 'झोपेची चोरी'. सतरा नंबरचा फॉर्म, कोऱ्या डोक्यांच्या भरलेल्या वह्या, सगळं त्यात घातलं. आणि पत्रकाला उदाहरण लागतं. लिहिलं, 'पाचूबंदरच्या नववीतल्या एका मुलीला तिची आई मध्यरात्री उठवून मासळी निवडायला बसवते. त्याच मुलीला शाळा नापास ठरवते.' दोन वाक्यं. मला ती फार जोरदार वाटली. एसटी स्टँडवर, शाळेच्या फाटकाबाहेर, मासळी बाजाराच्या तोंडाशी, मी स्वतः ती पत्रकं वाटली.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी भांडायच्या तयारीत गेले. पत्रक त्यांच्यासमोर होतं आणि त्यांनी माझ्याच दोन वाक्यांखाली लाल रेघ ओढली होती.

"छान लिहिता," ते म्हणाले. "मीही हेच म्हणत होतो. घरची परिस्थिती अशी आहे. मग तिने बाहेरून बसणंच बरं नाही का?"

त्या रेघेवरची माझी वाक्यं मी पुन्हा वाचली आणि वर्गावर गेले.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी मी पाचूबंदरला गेले. आई ओट्यावरच होती. या वेळी चहा नव्हता.

"बाई, तू इथे बसून चा प्यालीस," ती म्हणाली. "आनि आमचं घर बाजारात नेऊन मांडलंस."

"मी नाव लिहिलं नाही."

"नाव कशाला लागतं? पाचूबंदरातनं तुझ्या नववीत पोरी किती? एक. टोपली उतरवते तर गिऱ्हाईक इचारतं, पोरीला झोपू देत नाय ती तूच काय गं."

बाजूच्या ओट्यावर बसलेली तिची जाऊ म्हणाली, "आता दुसरं पत्रक काढ. मथळा दे, आई चांगली हाय."

मी म्हणाले, "माझं चुकलं." त्याला मथळा नव्हता, मागण्या नव्हत्या, म्हणून तोंडातून निघायला वेळ लागला. आईने कोयता उचलून बोंबलाचं डोकं उडवलं.

"पोरगी सोमवारी येईल," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाय."

ती आली. चिठ्ठ्या लिहायची, पण माझ्याशी बोलत नव्हती, खडूही घेत नव्हती. गुण मात्र मी मांडत राहिले. फेब्रुवारीच्या उधाणात चार. मला वाटलं, चुकून. मार्चच्या उधाणात चार, चार, पाच. मला विचारायचा अधिकार उरला नव्हता, म्हणून विचारलं नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागलं आणि मी आधी तिथी पाहिल्या. गणित पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. विज्ञान त्याच्या नंतर. दोन्ही भर उधाणात. त्या दोन दिवशी मी पर्यवेक्षणाला दुसऱ्याच वर्गात होते आणि तिथल्या मुलांनी माझी चाल पाहून कॉपी करायचंही सोडून दिलं असेल.

विज्ञान बावन्न. गणित अडतीस. पेपर मी तपासले होते म्हणून मुख्याध्यापकांनी ते दुसऱ्या शिक्षकाकडून पुन्हा तपासून घेतले. गणिताचे चाळीस झाले.

तरी त्यांनी तिच्या आईला बोलावलंच. फॉर्म टेबलावर होता, फाडलेला नव्हता. "पास झाली, आनंद आहे," ते म्हणाले. "पण दहावीचं वर्ष वेगळं. उधाण दर पंधरा दिवसांनी येणार. तुमच्या मॅडमनीच छापलंय."

मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे न बघता हात आडवा केला. मग पिशवीतून जाळ्याच्या सुतळीत ओवलेले तीन गठ्ठे काढले. चिठ्ठ्या. मुलीने एकूण एक जपल्या होत्या. आईला वाचता येत नव्हतं, पण मुलीला विचारून गठ्ठे तिने तिथीने बांधले होते.

"हे भांगातले," तिने टेबलावर ठेवले. "हे उधानातले. आनि हे पन उधानातले, पन फेब्रुवारीपासनंचे. बघा काय लिवलंय."

मुख्याध्यापकांनी एक चिठ्ठी उचलली. चार. दुसरी. पाच. ती उलटली, मागे 'टँकरमाफि' वाचलं आणि पटकन सरळ केली.

"हे कसं झालं?"

"तिला उठवत नाय. मी आनि माझी जाऊ बसतो. तिघींचं दोघी करतो. कंबर मोडते ती आमची, तुमची नाय."

"आणि दहावीत नापास झाली तर?"

"तर तुमच्या शाळेतनं नापास होऊ दे," ती म्हणाली. "बाहेरनं कशाला?"

त्यांनी चष्मा पुसला. मग फॉर्म उचलून त्यांनी डाव्या खणात टाकला. फाडला नाही. पण आत गेला.

पायऱ्या उतरताना मी आईला विचारलं, उठवणं थांबवलंत ते पत्रकामुळे का? मला ते जाणून घ्यायची खाज होती, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "त्या कागदाने मला लाज दिली. लाजेने कोन झोपू देतं? पोरीने एक दिवस या चिठ्ठ्या मांडल्या. ही तुझी उधानं, आये, असं बोलली. ते मला दिसलं."

मे महिन्यात माझं वर्ष संपलं. रजेवरच्या बाई जूनला परत आल्या. मला कुठल्याच शाळेने लगेच घेतलं नाही, पत्रक सगळ्यांनी वाचलं होतं. जुलैत एकदा एसटी स्टँडवर ती मुलगी भेटली, अंगात दहावीचा नवा गणवेश.

"काय चाललंय?"

"आम्ही वही भरतो, बाई. रोज तीन पानं."

"मग?"

"घरी बंद करते आनि आयेला सांगते. ती निवडत असते तेव्हा. पेशी तिला पाठ झाली."

"ती प्रश्न विचारते?"

"ती काय विचारणार. ती बोलते, आजचं नको. परवाचं सांग."

बस आली, ती चढली. मी थांब्यावर उभी राहिले आणि कुठून कोण जाणे, त्या यादीतली बाकीची चार नावं आठवायला लागले, ज्यांच्या फॉर्मवर सह्या झाल्या होत्या आणि ज्यांच्यासाठी मी एक चिठ्ठीही वेगळी फाडली नव्हती. वर्षभर रोज हजेरी घेतली होती त्यांची. तीन आठवली. चौथं अजून आठवत नाही.